पैसाचा खांब आणि आपली देवळे

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेल्या मोटारीतून नेवासे फाट्यावर उतरावे आणि गावाची वाट धरावी. 'पैसाचा खांब पाहायचा आहे' असे नवख्या माणसाला सांगितले, तर त्याच्या कानात पुष्कळदा 'पैशाचा खांब' असेच उतरते. लहानपणी मीही तसेच ऐकले होते आणि त्या खांबात कोणी तरी मोहरा दडवून ठेवल्या असाव्यात, अशी माझी भाबडी समजूत होती. पुढे शाळेत मराठीच्या गुरुजींनी उलगडून सांगितले, की पैस म्हणजे ऐसपैस, मोकळे, विस्तारलेले. समजूत दुरुस्त झाली, पण एक कोडे मागे राहिले. खांब ही वस्तू मुळात अरुंद, जागा अडवणारी. तिला विस्ताराचे नाव कसे पडावे?

या त्रैमासिकाच्या पानांवर ग्रंथांची परीक्षणे नेहमी येतात. आज मला एका वास्तूचे परीक्षण करावयाचे आहे. ही वास्तू जवळजवळ उरलेलीच नाही. एक लहानसे मध्ययुगीन देऊळ होते, त्यातला एक खांब तेवढा शिल्लक आहे. परंतु उरलेल्या एका ओवीवरून जसा कवी ओळखता येतो, तसे उरलेल्या एका खांबावरून देऊळ वाचता येते, असे मला वाटते. आणि ते वाचता वाचता आपल्या धर्मग्रामांतील लहान देवळांविषयी काही अवघड प्रश्न आपल्यापुढे उभे राहतात. ते टाळू नयेत, एवढाच या लेखाचा आग्रह आहे.

नेवासे हे प्रवरेच्या काठचे अतिशय जुने गाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात येथे उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगापासून ऐतिहासिक काळापर्यंतच्या वस्तीचे थर एकाखाली एक उघडे झाले. या गावाच्या नावाला मराठी माणसाच्या मनात जे स्थान आहे, ते मात्र एका ग्रंथामुळे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका येथे सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ग्रंथाच्या शेवटी स्थळ आणि काळ दोन्ही नोंदलेले आहेत. गोदावरीच्या दक्षिणेकडील पंचक्रोशीचे क्षेत्र, तेथील महालया हे दैवत आणि यदुवंशातील रामचंद्र राजाचे न्याय्य राज्य यांचा उल्लेख तेथे येतो. परंपरा सांगते, की त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांचे असलेले ज्ञानेश्वर करवीरेश्वराच्या देवळातील एका खांबाला टेकून बसत आणि ओव्या सांगत. तोच हा पैसाचा खांब.

देऊळ पुढे नाहीसे झाले. गाभारा, मंडप, छत, शिखर यांपैकी काही राहिले नाही. उरला तो एक दगडी खांब आणि त्याच्या अंगावर कोरलेला एक संस्कृत लेख. त्या लेखात ना ज्ञानेश्वरांचे नाव आहे, ना त्यांच्या ग्रंथाचे. करवीरेश्वराला नमन करून तो एवढेच सांगतो, की या देवासाठी दर महिन्याला तेल मिळावे म्हणून पूर्वी दान दिले गेले आहे, आणि चंद्रसूर्य आहेत तोवर ते सांभाळले जावे. कोणा सम्राटाची प्रशस्ती नाही, युद्धाचे वर्णन नाही. महिन्याचे तेल, बस्स. या खांबाविषयी जेवढे थोर शब्द बोलले गेले आहेत, त्या सर्वांपेक्षा मला ही तेलाची नोंद अधिक बोलकी वाटते. ज्या देवळाला महिन्याच्या तेलाची तरतूद दगडावर कोरून ठेवावीशी वाटली, ते देऊळ श्रीमंत नसावे. ते गावातल्या माणसांनी चालवलेले, त्यांच्या पदरच्या पैशांवर तगलेले लहान देऊळ असावे.

आता हे देऊळ बांधले कसे गेले असेल, याचा विचार करू. त्या काळच्या आपल्याकडील देवळांना आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याच्या नावावर जी देवळे लोकांनी घातली, त्यांतली कित्येक त्याच्या आधीची आहेत. पण नाव लोकांनी दिले ते एका विशिष्ट पद्धतीला, आणि ती पद्धत खरी आहे. काळ्या पाषाणाचे घडीव चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर बसवायचे. खाचा आणि कुसे अशी जोड द्यायची. आणि सारी इमारत तिच्या स्वतःच्या वजनावर तोलून धरायची. या बांधणीत खरी कमान नसते. खांबावर तुळई, तुळईवर छताचे दगड, अशी सरळ रचना असते. दगड दाबाला बळकट असतो, परंतु वाकण्याला दुबळा. लांब दगडी तुळई स्वतःच्याच भाराने मध्ये तडकते. म्हणून खांब जवळजवळ उभे करावे लागतात आणि मंडपात त्यांची दाटी होते. तळखडा, खोड, वरचे शीर्ष आणि त्यावर तुळईला हात देणारे दगडी बाहू, असा प्रत्येक खांबाचा घाट असतो. तो केवळ शोभेचा नसतो. वरचा भार थोडा थोडा करून खाली उतरवण्याची ती युक्ती असते.

ही पद्धत सगळी पाहावयाची असेल, तर प्रवरेच्याच उगमाकडे जावे. रतनगडाच्या पायथ्याशी, अकोले तालुक्यातल्या रतनवाडीला अमृतेश्वराचे देऊळ अजून उभे आहे. त्याच्या कोरीव खांबांमधून अंधारात चालताना मंडप म्हणजे काय हे पायांना कळते. दगडाचे एक लहान रान आणि त्याच्या टोकाशी, दोन पायऱ्या खाली, गाभारा. नदीच्या उगमाशी पूर्ण देऊळ आणि तीच नदी गोदावरीला मिळण्याच्या जरा अलीकडे त्याच घराण्यातल्या एका देवळाचा उरलेला एकच खांब, असा हा योग आहे. रतनवाडीचे देऊळ पाहून मग नेवाशास यावे. मग तो एक खांब पाहताना त्याच्या भोवतीचे नसलेले खांब दिसू लागतात.

ही बिनचुन्याची बांधणी जेवढी चिवट, तेवढीच एका अर्थी असहाय. एक तुळई निखळली, की तिच्यावर विसंबलेले सगळे खाली येते. शिवाय चुन्याने जखडलेले नसल्यामुळे पडलेले चिरे सहज वेगळे होतात आणि गावाला आयते मिळतात. ते नदीच्या घाटात जातात, वाड्याच्या जोत्यात जातात, विहिरीच्या काठावर धोणे धुवायला जातात. महाराष्ट्रातील किती तरी लहान देवळे अशी गावात विरघळून गेली आहेत. मग हा खांब का विरघळला नाही? तो इतरांहून अधिक मजबूत होता म्हणून नव्हे. लोकांच्या आठवणीने त्याला धरून ठेवले म्हणून. येथे एक पोरवयाचा, समाजाने बाहेर टाकलेल्या आईबापांचा मुलगा टेकून बसला होता, एवढीच ती आठवण. खांबाने एके काळी छत तोलले. छत गेल्यावर आठवणीने खांब तोलला.

नेवाशातच याच्या उलट उदाहरण आहे. ग्रंथाच्या अखेरीस ज्या महालयेचा उल्लेख आहे, तिचे नाते मोहिनीराजाच्या उपासनेशी जोडले जाते. त्या मोहिनीराजाचे आजचे भव्य देऊळ अठराव्या शतकात होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधले. तेथे उपासना जुनी आणि इमारत नवी. पैसाच्या खांबापाशी देवळातला दगड जुना आणि त्याला दिला जाणारा अर्थ मात्र बदललेला. कारण आज लोक तेथे करवीरेश्वरासाठी जात नाहीत, ज्ञानेश्वरांसाठी जातात. टिकण्याच्या या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत वैभव आहे, दुसरीत साक्ष आहे. दोहोंत श्रेष्ठ कोणती, हे मी सांगणार नाही. पण पहिलीला दिवाण लागतो. दुसरीला फक्त न विसरणारी माणसे लागतात.

विसाव्या शतकात खांबाभोवती नवे मंदिर उभे राहिले. समीक्षकाने त्याविषयीही बोलले पाहिजे. नव्या बांधकामाची एक गोष्ट मला मोलाची वाटते. त्याने खांबाला मध्य दिला आणि स्वतः भोवती उभे राहणे पत्करले. एके काळी भार वाहणारा तो दगड आज काहीच वाहत नाही. वरचे छत दुसऱ्यांनी पेलले आहे. जो टेकू होता, तो दर्शनाचा विषय झाला. यात काही हरवलेही आहे. खांबाला टेकून बसणे आणि खांबाला हात जोडणे यांत अंतर आहे. टेकणाऱ्याला काही तरी सांगायचे असते. हात जोडणाऱ्याला पुष्कळदा फक्त पाहायचे असते. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या लेखसंग्रहाला 'पैस' हे या खांबाचेच नाव दिले, त्याला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, आणि मराठी वाचकाला हा दगड पुन्हा एकदा केवळ पूजेचा न राहता विचाराचा विषय झाला. ती वाट आपणही धरावी.

पण 'आपण' म्हणजे कोण? हा प्रश्न येथे टाळता येणार नाही. या त्रैमासिकाच्या वाचकांपैकी अनेकांचे आजे-पणजे अशा वस्त्यांतून आले, जिथल्या माणसांच्या वाट्याला देवळाच्या पायरीबाहेर उभे राहणेच आले होते. ज्ञानेश्वरांच्या काळचेच चोखोबा. त्यांना विठ्ठलाच्या गाभाऱ्यात जागा नव्हती, आणि परंपरा सांगते, की मंगळवेढ्याला एक भिंत बांधत असताना ती कोसळून तिच्याखाली त्यांचा अंत झाला. भिंती बांधणारे हात आणि भिंतीच्या आत प्रवेश असणारे पाय वेगवेगळे असत. मग नेवाशाच्या खांबाशी आपले नाते काय, असे कोणी विचारले, तर त्याचा राग येऊ देता कामा नये. माझे उत्तर असे आहे. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना गावाने बाहेर टाकले, त्या भावंडांतील एकाने त्या खांबाला पाठ टेकली आणि पंडितांच्या भाषेत कोंडलेले ज्ञान आयाबायांच्या भाषेत सांगितले. बाहेर ठेवलेल्यांच्या बाजूने झालेले ते काम आहे. त्यावर बाहेर ठेवलेल्यांचा हक्क पहिला.

दुसरे नाते ओवीचे आहे. ज्या छंदाने नेवाशात इतकी उंची गाठली, तोच छंद सव्वातीनशे वर्षांनी एका इंग्रज येशूसंघीयाने हाती घेतला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. आणि त्याचीही कथा खांबासारखीच. १६१६, १६४९ आणि १६५४ या तीन जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आजवर हाती आलेली नाही. छापील देऊळ कोसळले. उरल्या त्या भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्या. त्यांच्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीत आवृत्ती काढली आणि १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत ती आणली. राजाश्रयाने किंवा छापखान्याने जे राखले नाही, ते घराघरांनी राखले.

येथवर आपण नदीच्या एका काठावर राहिलो. आता जरा दूर जाऊ, कारण लहान खेड्यातली देवळे टिकतात कशी, याचा धडा आपल्याच धर्माच्या जुन्या भूमीतही मिळतो. नेवाशाला दूरदेशीचे वावडे कधीच नव्हते. सांकलियांच्या उत्खननात येथे भूमध्य समुद्राकडून आलेल्या रोमन कुंभांचे तुकडेही सापडले आहेत.

ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील एका आडबाजूच्या खोऱ्यात, डोंगराच्या उतारावर, पॅट्रिशो हे छोटेसे देऊळ उभे आहे. संत इसुई नावाच्या एका साधूचे ते स्थान. त्याला एका वाटसरूने ठार मारले, असे आख्यान सांगते. त्याच्या झऱ्याच्या पाण्याने एक यात्रेकरू कुष्ठरोगातून बरा झाला आणि त्याने दिलेल्या सोन्यातून देऊळ उभे राहिले, असेही म्हणतात. इमारत अगदी साधी. ओबडधोबड दगडी भिंती, उतरते छप्पर, एक लांबट दालन आणि त्याच्या पश्चिम टोकाला संताची स्वतंत्र खोली. आत अकराव्या शतकातले एक दगडी स्नानकुंड आहे, ज्यात बाप्तिस्मा देत. त्याच्या काठावर लॅटिनमध्ये कोरले आहे, की हे कुंड मेनहिर याने गेनिलिनच्या काळात घडवले. नेवाशाच्या खांबावर तेलाचे दान, तेथे कुंडाच्या काठावर पाथरवटाचे नाव. दोन्ही ठिकाणी दगडाने साध्या माणसाचीच आठवण ठेवली आहे.

या देवळाची खरी श्रीमंती म्हणजे त्यातील ओक लाकडाची जाळीदार आडभिंत. लोकांची बसण्याची जागा आणि वेदीचा भाग यांच्यामध्ये अशी आडभिंत मध्ययुगात असे, आणि तिच्या माथ्यावर क्रुसावरील प्रभूची मूर्ती असे. पॅट्रिशोची आडभिंत सुमारे इ. स. १५०० मधली. तिच्यावर द्राक्षवेल कोरला आहे आणि पंखांचा एक सर्पासुर तो वेल खाताना दाखवला आहे. पुढे सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजसत्तेने रोमशी नाते तोडल्यावर दगडी वेद्या काढून टाकण्याचे आणि अशा आडभिंतींवरचे सज्जे उतरवण्याचे हुकूम निघाले. शहराशहरांत कुऱ्हाडी चालल्या. पॅट्रिशोच्या माथ्यावरचा क्रूस गेला. परंतु आडभिंत राहिली, आणि खालच्या दगडी वेद्याही राहिल्या. आजही त्यांच्यावर अभिषेकाच्या वेळी कोरलेल्या क्रुसाच्या खुणा दिसतात. ते देऊळ आज अँग्लिकन परंपरेच्या हाती आहे. ज्या वेद्या मोडण्याची आज्ञा झाली होती, त्या वेद्या तेथील खेडुतांनी आणि त्यांच्या वारसांनी जपल्या. नेवाशाला छप्पर गेले आणि खांब राहिला. पॅट्रिशोला छप्पर राहिले आणि ते राखणाऱ्यांचा पंथ बदलला. जुनी वस्तू आपल्या आजच्या मताची असो वा नसो, ती मोडायची घाई न करणे हीसुद्धा एक प्रकारची श्रद्धाच आहे, हे मला तेथून कळले.

आता घराकडे वळतो. आपल्या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन येशूसंघीय मिशनरी आले आणि त्यांच्या पाठोपाठ गावोगावी लहान प्रार्थनाघरे उभी राहिली. त्यांना मोठे नाव देता येणार नाही. मातीच्या भिंती, वर धाबे किंवा पत्रा, आत एक खोली. आठवडाभर त्या खोलीत मास्तर मुलांना शिकवीत; फादर आले की तेथेच पवित्र मिस्सा होई. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात अशा खोलीला जागा नसते. परंतु ज्यांना कोणत्याही देवळाच्या आत पाऊल टाकता आले नव्हते, त्यांच्यासाठी ती आत जाण्याची पहिली जागा होती. या एका कारणासाठी ती रतनवाडीच्या मंडपाइतकीच अभ्यासाला योग्य आहे.

आमच्या गावची अशी एक खोली होती. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नाही. तिच्या मध्यावर एक सागवानी मेढ होती आणि तिच्यावर आडवी तुळई. मेढीचा कमरेच्या उंचीचा भाग काळा आणि गुळगुळीत झालेला होता, कारण मास्तर तिला टेकून शिकवीत आणि जपमाळेच्या वेळी म्हाताऱ्या माणसांच्या पाठी तिला लागत. माझी आजी तेथेच बसे. पवित्र साक्रामेंताजवळच्या दिव्याला घराघरांतून पाळीने तेल जाई. आमची पाळी आली, की आजी करडईच्या तेलाची बाटली पदराखाली घेऊन जाई, जणू काही चोरून द्यायचे दान.

पुढे स्लॅबचे देऊळ बांधण्याचे ठरले. गरज खरी होती. पावसाळ्यात धाबे गळत होते, नाताळात माणसे मावत नव्हती. सभा झाली, जुने पाडण्याच्या ठरावावर हात वर करायला सांगितले गेले. मीही हात वर केला. शिकलेला म्हणून लोक माझ्याकडे पाहत होते, आणि मला जुन्या मातीच्या खोलीची, खरे सांगायचे तर, थोडी लाज वाटत होती. ती मेढ ठेवून घ्यावी, असे एकालाही सुचले नाही. मला सुचायला हवे होते. नव्या देवळाच्या आशीर्वादाच्या दिवशी गावजेवण झाले. त्या जेवणाच्या चुलीखाली ती मेढ फोडून लावली होती, हे मला आजीने सांगितले. तिने तक्रार केली नाही. 'लाकूड चांगलं जळलं,' एवढेच म्हणाली. त्या वाक्याला उत्तर शोधत मी नेवाशाच्या खांबापाशी पुन्हा पुन्हा गेलो आहे.

नव्या देवळांवर टीका करणे सोपे असते. ती मला करावयाची नाही. लोक वाढले, तर घर वाढलेच पाहिजे; मोहिनीराजाचे देऊळ चंद्रचूडांनी वाढवले, तेही योग्यच केले. प्रश्न एवढाच आहे, की वाढताना आपण काय बरोबर घेतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात सांगितले आहे, की पवित्र कलेत भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्य शोधावे आणि देवळातील मोलाच्या वस्तू हातच्या जाऊ देऊ नयेत. 'मोलाच्या' याचा अर्थ आपण फार अरुंद करून ठेवला आहे. सोन्याचा कटोरा आपण कुलपात ठेवतो. टेकून टेकून काळी झालेली मेढ मात्र सरपणात टाकतो. वास्तविक भार दोघांनीही वाहिलेला असतो.

नेवाशाच्या खांबाने मला देऊळ पारखण्याचे तीन प्रश्न शिकवले. येथे भार कोणी वाहिला? येथे कोण टेकून बसले? आणि येथले तेल कोणी दिले? ज्या देवळात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गावातल्या लहान मुलालाही देता येतात, ते देऊळ सिमेंटचे असो की मातीचे, जुने आहे आणि जिवंत आहे. ज्याला एकाही प्रश्नाचे उत्तर नाही, ते कितीही उंच असले, तरी अजून फक्त इमारत आहे.

यातून काही साधी कामे निघतात. जुने प्रार्थनाघर पाडावेच लागले, तर त्याचा एक भार वाहिलेला भाग, एखादी मेढ, तुळई, उंबरा, वेदीचा दगड, नव्या देवळात ठेवावा. शक्य असेल, तर ज्या जागी होता त्याच जागी. पाडण्यापूर्वी लांबी-रुंदी मोजून कागदावर नकाशा काढावा; हे काम शाळेतली मुलेही एका दुपारी करू शकतात. बांधणाऱ्या गवंड्यांची, शिकवणाऱ्या मास्तरांची आणि तेल देणाऱ्या घरांची नावे धर्मग्रामाच्या वहीत लिहून ठेवावीत. पॅट्रिशोच्या पाथरवटाचे नाव हजार वर्षांच्या आसपास टिकले, ते कोणी तरी कोरले म्हणून.

याकोबाची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. बेथेलला तो रात्री उघड्यावर झोपला, उशाखाली दगड घेऊन. सकाळी उठल्यावर त्याने तोच दगड स्तंभ म्हणून उभा केला आणि त्यावर तेल ओतले. देऊळ नव्हते, भिंत नव्हती. घरातून बाहेर पडावे लागलेला एक मुलगा, एक दगड आणि थोडे तेल, एवढ्यावर त्याने त्या जागेला देवाचे घर म्हटले. नेवाशाच्या खांबापाशी उभा असताना मला ही कथा हमखास आठवते. खांबाला पैस हे नाव का, या लहानपणीच्या कोड्याचे उत्तरही मला तिथेच मिळाल्यासारखे वाटते. खांब स्वतः रुंद नसतो. तो उभा राहिला, की त्याच्याभोवती माणसांना जागा होते.

आपल्या धर्मसंहितेच्या ९४० व्या कलमाप्रमाणे पवित्र साक्रामेंतापुढे दिवा अखंड तेवत असला पाहिजे. आमच्या गावच्या नव्या देवळात तो तांबडा दिवा विजेवर चालत असे आणि वीज गेली, की तोही जाई. गेल्या वर्षी काही घरांनी मिळून पुन्हा तेलाचा दिवा ठेवला आणि पाळ्या लावल्या. आमच्या घराची पाळी जूनची आहे. बाटली मी पदराखाली लपवू शकत नाही. सरळ हातात धरून नेतो, आणि वाटेत भेटणारा विचारतो तेव्हा सांगतो, की हे महिन्याचे तेल आहे.